गाडी मागच्या सीटवरून पारखावी

सांगलीच्या मामांच्या मनात कितीतरी वर्षं एक लांबलचक काळी जर्मन सेडान होती. माझ्या मामेभावाचं म्हणणं अगदी उलट. "बाबा, घरात माणसं सहा. पाच सीटची गाडी घेतली तर सहाव्याला काय एसटीनं पाठवायचं?" त्याला कुटुंबाची मोठी एसयूव्ही हवी होती. शेवटी मामांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. नात्यात कुणी गाडी घेणार असलं की शोरूमला सोबत जायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

दोन दिवसांत आम्ही चार गाड्या पाहिल्या आणि पहिल्या दोन्ही वेळा तेच घडलं. मामा ड्रायव्हरच्या सीटवर, भाऊ शेजारी, आणि सेल्समन मोठा स्क्रीन, सनरूफ, रंग बदलणारे दिवे दाखवतोय. मामी पर्स सांभाळत बाहेर उभी. गाडी घरी आली की मामी कायम मागे बसणार, नातवंडं मागे बसणार, सूनही बहुतेक वेळा मागेच. सहातली चार माणसं जिथे बसणार, ती जागा कुणी धड पाहिलीच नव्हती. म्हणून तिसऱ्या गाडीपासून मी क्रम बदलला. आधी मामी बसेल, मग बाकीचे.

मामीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सेडानचं मागचं दार उघडलं तेव्हा ती पाठमोरी झाली, एक हात दाराला, एक छताच्या कडेला, आणि शेवटची वीतभर ती बसली नाही, पडली. उतरताना दोनदा झोका घेतल्यावर कुठे उठता आलं. एसयूव्हीत अडचण उलटी. रस्त्याच्या कडेला गाडी थांबते तेव्हा आपण डाव्या दारानं चढतो, आणि डाव्या दारानं चढताना उजवा पाय आधी आत जातो. म्हणजे सगळं अंग वर उचलायचं काम नेमकं त्या दुखऱ्या गुडघ्यावर. उजव्या दाराकडून तिला चढवलं, डावा पाय आधी पडला, तर ती सहज आत गेली. कॅटलॉगमध्ये हे कुठेच लिहिलेलं नसतं.

यामागचं गणित साधं आहे. सीट कमरेच्या आसपास असली की माणूस नुसता सरकून बसतो. ती गुडघ्याशी असली तर खाली उतरावं लागतं, पोटाशी असली तर चढावं लागतं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला उघड्या दारापाशी सीटकडे पाठ करून उभं करा. सीटची कड मांडीच्या वरच्या भागाला लागली तर उंची बरोबर. सेडान सहसा याच्या खाली येतात, शिडीसारख्या चासीवर, म्हणजे वेगळ्या सांगाड्यावर, बांधलेल्या उंच एसयूव्ही वर जातात, आणि सेडानसारख्या एकसंध बांधणीच्या, वेगळा सांगाडा नसलेल्या एसयूव्ही साधारण मधे पडतात.

आणखी एक गोष्ट वाकून बघायची. दार लावल्यावर ते खालच्या पट्टीवर पूर्ण येतं का? काही गाड्यांत दार पट्टी झाकतं, त्यामुळे पावसाळ्यात पट्टी कोरडी राहते. काहींत ती उघडी असते, तिच्यावर चिखल बसतो आणि उतरताना तो साडीच्या निऱ्यांना किंवा पँटच्या पोटरीला पुसला जातो. शोरूमच्या चकचकीत फरशीवर हे कळत नाही, जुलैत कळतं.

एकदा आत बसलं की मात्र मोठ्या सेडानशी बरोबरी करणं कठीण. भारतात विकली जाणारी बीएमडब्ल्यू ५ सीरीज आणि मर्सिडीजची ई-क्लास मुद्दाम लांब केलेल्या आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, पहिलीचा ३१०५ मिलिमीटर, दुसरीचा ३०९४. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चा तो २७५० आहे. हा जवळजवळ सव्वा-दीड वितीचा फरक मुख्यतः मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळतो. अशा गाडीत मांडी पूर्ण टेकते, पाय लांब होतात, पाठ सैल पडते. पण हे सुख दोघांचं. या गाड्यांचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे फरशीच्या मधोमध उंचवटा येतो. तिथे बसणाऱ्याला दोन्हीकडे पाय फाकून बसावं लागतं. कागदावर पाच सीट असल्या तरी लांबच्या प्रवासाला त्या चारच धरा.

आता चालतानाचं बघू. बैलगाडीचा आस डोळ्यांसमोर आणा. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा आस तिरका होतो आणि दुसऱ्या बाजूला बसलेला माणूसही हिंदकळतो. फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांना मागे असाच अखंड आस आहे. स्प्रिंगा आणि हिसके जिरवणारे डँपर उत्तम आहेत, पण एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला कळतंच. बदल्यात मजबुती मिळते. खडकाळ शेतरस्ता, ओढ्यातली वाट, जड ओझं या बांधणीला मानवतं. चांगल्या सेडानमध्ये आणि एक्सयूव्ही ७०० सारख्या एसयूव्हीत मागची दोन चाकं एकमेकांपासून सुटी हलतात, म्हणून एका बाजूचा खड्डा त्याच बाजूला बराचसा जिरतो. "उंच गाडी म्हणजे आरामाची गाडी" असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. उंचीनं खड्ड्यात पोट घासत नाही एवढंच. पाठीला बसणारा दणका कमी करायचं काम चाकांच्या जोडणीचं आणि टायरचं.

टायरबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे डोळ्यांना दिसेल असा पुरावा असतो. गाडीपाशी उकिडवं बसा आणि टायरच्या अंगावरचे आकडे वाचा. समजा २४५/४० आर १९ असं लिहिलंय. टायर २४५ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. आर १९ हे रिमचं माप, इंचांत. दुसऱ्या गाडीवर २३५/६० आर १८ आहे. २३५ चे ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर. खड्ड्याची धार आणि तुमची महागडी अलॉय रिम यांच्यामध्ये पहिल्या गाडीत चार बोटांहून थोडीच जास्त रबराची उशी आहे, दुसरीत त्याच्या जवळपास दीडपट. मोठं चाक फोटोत देखणं दिसतं, पण पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर याच पातळ भिंतीला फुगा येतो, रिम वाकते. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला बहुधा लहान रिम आणि जाड टायर असतो. मी दरवेळी तोही चालवून बघायला सांगते, आणि मागे बसलेली माणसं बऱ्याचदा त्याच्याच बाजूनं कौल देतात.

मग डिकीची फरशी उचला. खाली पूर्ण मापाचं जादा चाक आहे, बारीक तात्पुरतं चाक आहे, की नुसती हवा भरायची किट? बऱ्याच महागड्या सेडानना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ते चालतात, पण साधारण ताशी ८० च्या वेगानं ८० किलोमीटरपर्यंतच. पुण्यात हे पुरतं. समृद्धी महामार्गावर रात्री अडीच वाजता पुरेल का, याचा विचार आपला आपण करायचा.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतल्या अंतराचा, आकडाही असाच नीट वाचावा लागतो. तो बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार मोठी माणसं आणि बॅगा चढल्या की गाडी दबते. त्यात लांब व्हीलबेस असेल तर दोन चाकांमधलं पोट गतिरोधकाच्या टोकावर घासायची शक्यता वाढते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकट्यानं जाऊ नका. सगळे बसा, आणि आपल्या गल्लीतल्या त्या एका उंटाच्या पाठीसारख्या गतिरोधकावरून गाडी न्या. आम्हाला एका ठिकाणी नव्या रस्त्यावर तीन किलोमीटर फिरवून परत आणलं. मी विनंती केली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरी आणा. आणली. मामांच्या फाटकातून वळली, अंगणाच्या चढावर तिची पुढची कड घासली, आणि पंधरा वर्षांच्या स्वप्नाबद्दल मामा पहिल्यांदाच गप्प झाले.

घाटाचा प्रश्न निराळा. सांगलीकर मंडळी गणपतीपुळ्याला आंबा घाटानं जातात. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आणि वजन जितकं उंचावर तितकं कलणं जास्त. सेडान जमिनीलगत असते म्हणून कमी डोलते. एसयूव्हीत हेच डोलणं सर्वांत जास्त तिसऱ्या रांगेला जाणवतं. ती रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्याहून मागे असते, खिडकी लहान, आणि पुढचा रस्ता दिसत नाही. कानाला कळतं की आपण हलतोय, डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, आणि या गोंधळातून मुलांना गाडी लागते. तुमच्याकडे गाडी लागणारं मूल असेल तर तिसऱ्या रांगेचा हिशेब नव्यानं करा.

तिसऱ्या रांगेत मी स्वतः दहा मिनिटं बसते. तिथली फरशी उंच असते, कारण खाली आस, इंधनाची टाकी, कधी जादा चाक असतं. त्यामुळे गुडघे छातीकडे येतात आणि मांडी अधांतरी राहते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ती चालते, मोठ्या माणसाला सांगली ते कोल्हापूर एवढंच. तिथे बसून चार गोष्टी बघा. तीन बिंदूंचा पट्टा प्रत्येकाला आहे का, डोक्यामागचा टेकू डोक्यापर्यंत येतो का, खिडकीवरचा पडदा एअरबॅग या रांगेपर्यंत पोहोचतो का, आणि डोकं व मागची काच यांत किती बोटं उरतात. काही गाड्यांत हे अंतर फारच थोडं असतं, आणि मागून ट्रक आदळला तर तेवढीच जागा आपली. आडव्या, समोरासमोरच्या बाकांवर तर मुलांना बसवूच नये. मग सगळ्या सीटा उभ्या ठेवून डिकी उघडा. घरून दोन बॅगा बरोबर न्या, मी नेते. सातही जण बसले की बहुतेक गाड्यांत सामान छतावर जातं.

सुरक्षेचे तारे आता सगळे विचारतात, ही फार चांगली गोष्ट झाली. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून असे तारे देणारी आपली चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. पहिले निकाल त्याच डिसेंबरात आले, आणि टाटाच्या हॅरियर व सफारी यांना पाच तारे मिळाले. पण तारे कशाला मिळतात ते समजून घ्या. मुख्य चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवतात, आदळताना तिच्या तोंडाचा एकच भाग त्यावर येतो. मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात. मागे असतात ते दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे, त्यांच्या खास सीटांमध्ये. म्हणून निकालात दोन आकडे येतात, मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा वेगळा वाचा. आणि मागे बसणारी आजी या समोरच्या धडकेत मोजलेलीच नाही, तिसरी रांग तर नाहीच, हेही ध्यानात ठेवा. परदेशी सेडानचे युरो एनकॅपचे तारे दाखवले जातात तेव्हा विचारा की तिथल्या गाडीतली सगळी साधनं इथल्या व्हेरियंटमध्ये आहेत का.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी नामवंत, महागडी. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. मागच्या सीटवर पट्टा कायद्यानं सक्तीचा आहे, तरीही लग्नाला निघालेल्या गाड्या बघा, मागचे पट्टे सीटच्या फटीत दडपलेले असतात. गाडी बघायला जाल तेव्हा मागचं बकल एका हातानं, चाचपडत, साडी किंवा शालीसकट लागतं का ते करून बघा. जे सहज लागत नाही ते रोज कुणी लावत नाही. मधल्या जागेचा पट्टाही तपासा. तो खांद्यावरून येणारा हवा, नुसता कमरेचा नको.

इंजिनाचं थोडक्यात सांगते. रोज शाळा, भाजी, ऑफिस असं आठ-दहा किलोमीटरचं फिरणं असेल तर डिझेल घेऊ नका. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांप्रमाणे बनलेल्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून सलग, मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. नुसती गल्लीत फिरली की फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. महिन्यात दोन-तीनदा मुंबई किंवा कोकण होत असेल तर मोठ्या एसयूव्हीला डिझेलच शोभतं. शहरातल्या थांबत-थांबत चालण्याला स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी, उत्तम, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते. आणि वेगाचं एक गणित लक्षात असू द्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० ऐवजी समृद्धीवरच्या मर्यादेइतकं १२० नं गेलात तर तो सव्वादोनपट होतो. एसयूव्हीचं तोंड मोठं, म्हणून तिचा अॅव्हरेज हायवेवर सेडानपेक्षा जास्त घसरतो. मला स्वतःला लांब सरळ रस्त्याला सेडानच आवडते, ती जमिनीला धरून असते आणि आत शांतता असते.

अडास म्हणजे कॅमेरा आणि रडार वापरून गाडीनं आपणहून ब्रेक लावणं, लेन सांभाळणं. आपोआप लागणारा ब्रेक हवाच. पण कॅमेरा काचेमागे असतो. मुसळधार पावसात त्याला नीट दिसत नाही, आणि काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्या काचेची किंमत आजच विचारून ठेवा.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेडान आणि मोठ्या एसयूव्ही, दोन्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, वर सेस, म्हणजे उपकर, नाही. त्याआधी सेस धरून मोठ्या सेडानवर ४८ आणि एसयूव्हीवर ५० टक्के लागायचा. विजेच्या गाड्यांवर ५ टक्के. शोरूमच्या किमतीवर आपल्या राज्याचा वाहन कर बसतो. महाराष्ट्रात २० लाखांच्या वर पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५. म्हणजे २५ लाखांच्या एसयूव्हीत डिझेल निवडलं तर ३ लाख ७५ हजार, पेट्रोल घेतलं तर ३ लाख २५ हजार. मामांच्या ६० लाखांच्या पेट्रोल सेडानवर ७ लाख ८० हजार, आणि एवढ्यात एक बरी जुनी छोटी गाडी येते. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच गोळा केलेला आयकर, भरावा लागतो, तो आयकराच्या विवरणात जमा दाखवता येतो. बरेच लोक हे विसरतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

विमा शोरूमकडूनच घ्या अशी गळ घातली जाते. बाहेरून घ्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेता येतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी इंजिनात पाणी शिरल्याचं संरक्षण जरूर घ्यावं, साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत. विम्याच्या हिशेबात गाडीची घट कशी धरतात तेही बघा. पहिल्या वर्षअखेर १५ टक्के, तिसऱ्या वर्षअखेर ३०, पाचव्या वर्षअखेर ५०. बाजारात महाग सेडान बहुधा याहूनही लवकर उतरते, कारण जुनी घेणारा सर्व्हिसच्या खर्चाला बिचकतो. जवळचं सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे हे म्हणूनच किमतीइतकं महत्त्वाचं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्टॅक पार्किंगच्या, म्हणजे एकावर एक गाड्या लावायच्या पार्किंगच्या, खांबावरची पाटी आधी वाचा. उंचीची आणि वजनाची मर्यादा तिथे लिहिलेली असते. उंच एसयूव्ही किंवा जड विजेची गाडी त्यात बसली नाही तर ती रस्त्यावर झोपते. रुंदी मोजताना आरसे धरून मोजा, कॅटलॉगमधली रुंदी सहसा आरशांशिवायची असते.

मामांनी शेवटी सहा सीटची एसयूव्ही घेतली, एकसंध बांधणीची, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली. अंगणात ते ती अशी लावतात की उजवं मागचं दार ओट्याशी येतं. मामीला तिथूनच चढायला सोपं जातं.

नंबर पडायच्या आधी गोदामात जाऊन गाडी दिवसाच्या उजेडात बघा. चासी नंबर बिलावरच्या नंबराशी अंकाअंकानं जुळवा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. चारही टायरचे आठवडे जवळपासचे आहेत का, जादा चाकाचा कोणता आहे ते बघा. दार आणि बॉनेटच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का, रंगावर बोट फिरवून कुठे खरबरीत लागतं का, आणि मीटरवर किती किलोमीटर पडलेत ते बघून फोटो काढा. काही खटकलं तर तिथेच लेखी द्या आणि दुसरी गाडी मागा. नंबर पडल्यावर तीच गाडी तुमच्या नावावर असते, आणि बदलून मिळणं फार अवघड होतं.